पितळी बिल्ला

बाबांच्या सायकलच्या हँडलखाली एक पितळी बिल्ला होता. गोल, जुन्या रुपयाहून थोडा मोठा. त्यावर नागपूरचं नाव, वर्ष आणि एक आकडा. त्या काळी बहुतेक शहरांत सायकलवर कर होता. वर्षाचा कर भरला की असा बिल्ला मिळे, आणि नगरपालिकेच्या वहीत त्या आकड्यासमोर मालकाचं नाव चढे. बाबा गेल्यावर सायकल भंगारात गेली. बिल्ला मी काढून ठेवला. भोपाळच्या सायकलींबद्दल काही सांगायचं झालं की मला सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते.

1 नोव्हेंबर 1956 ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं. नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली. सचिवालयाच्या फायली हलल्या, त्यांच्यामागे कारकून हलले. बाबा त्यांतलेच एक. त्यांनी दोन ट्रंका, एक वळकटी आणि सायकल इटारसीमार्गे भोपाळला आणली. भोपाळ तेव्हा तळ्यांच्या काठचं नवाबी शहर होतं. संस्थान भारतात सामील होऊन साडेसात वर्षंही झाली नव्हती. जुन्या शहराच्या दक्षिणेला, टेकड्यांवर, सरकारी क्वार्टर्स उभी राहत होती. त्या वस्तीला तात्या टोपे नगर नाव मिळालं, लोकांच्या तोंडी टी. टी. नगर झालं. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर अशा तिन्हीकडून मराठी घरं तिथे आली. मी 1957 ची, त्याच वस्तीत जन्मलेली.

नागपूर सपाट आणि भोपाळ चढउतारांचं. बाबांची रोजची वाट रोशनपुरा, पॉलिटेक्निक, कमला पार्क, मग मोठ्या तलावाच्या काठाने जुन्या सचिवालयापर्यंत. सकाळी तलावाकडचा उतार पॅडल न मारता सुटत असे. संध्याकाळी तोच चढ अंगावर येई. पॉलिटेक्निकच्या अलीकडे सगळे उतरत आणि सायकली हातात धरून बोलत बोलत चढ चढत. बढत्या, बदल्या, मुलींची लग्नं, गणपतीची वर्गणी, सगळं त्या चढावर ठरे. नव्या राजधानीतली माणसं एकमेकांना ओळखू लागली ती कचेरीत कमी आणि त्या चढावर जास्त, असं बाबा म्हणत.

दुसरा मोठा लोंढा गोविंदपुऱ्याकडे होता. हेवी इलेक्ट्रिकल्सची कंपनी 1956 मध्ये स्थापन झाली आणि 6 नोव्हेंबर 1960 ला पंडित नेहरूंनी भोपाळचा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ही कामगारांची वस्ती कारखान्याला लागूनच वसली. माझा मामा तिथे फिटर होता. शाळेच्या सुटीत मी त्याच्याकडे राहायला गेले की दुपारी भोंग्याची वाट बघत फाटकाबाहेर उभी राहायची. भोंगा वाजला की सायकलींचा पूर येई. हँडलला डबा, कॅरिअरला पिशवी, पॅन्टच्या पायाला क्लिप. रस्त्याची पूर्ण रुंदी भरून जाई आणि साहेबांची गाडी कडेला थांबून राही. तेव्हा हे मला साधं दृश्य वाटलं. आज कळतं, की त्या रस्त्यावर सायकलला वेगळी वाट कुणी आखून दिली नाही, कारण रस्ता तिचाच होता. पुढे ती थोडकी झाली, तेव्हाही तिला वाट आखून द्यायची कुणाला आठवण राहिली नाही.

मी सायकल शिकले बाराव्या वर्षी, बाबांच्याच सायकलवर, दांड्याखालून पाय घालून कैची मारत. कोपर फुटलं, फ्रॉक चेनमध्ये अडकून फाटला, आई रागावली. बाबांनी फक्त चेनकव्हर बसवून दिलं. कॉलेज आणि मग शाळेतली नोकरी, सगळं मी सायकलवर केलं. घरातून निघायला मला कुणाला विचारावं लागलं नाही, हे त्या सायकलीचं माझ्यावरचं ऋण आहे.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली रात्र या शहरात राहणाऱ्या कुणालाही टाळता येत नाही. युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला आणि जुन्या शहरातली माणसं नव्या शहराकडे धावली. आमच्या गल्लीत पहाटे सायकली आल्या. दांड्यावर एक मूल, कॅरिअरवर एक, चालवणाऱ्याचे डोळे सुजून मिटलेले. आम्ही पाण्याच्या बादल्या दारात ठेवल्या. पुढच्या महिन्यांत त्यांतले काही लोक मला वाटेत भेटत राहिले. सायकल हातात, पण चालत. छातीत दम उरला नव्हता. सायकल पेट्रोलवर चालत नाही, श्वासावर चालते. हजारो कष्टकऱ्यांचा श्वासच त्या रात्रीने नेला, आणि त्याबरोबर कामावर पोचण्याचं साधनही नेलं.

त्यानंतरची वर्षं स्कूटरची, मग मोटरसायकलची, मग कारची. रस्ते रुंद झाले, चौक मोठे झाले. सायकलवरचे कर शहरोशहरी बंद झाले. गरिबाच्या वाहनावर कर नको, हे योग्यच होतं. पण करासोबत वहीही मिटली. शहरात सायकली किती, कुठून कुठे जातात, हे लिहून ठेवणारं कुणी उरलं नाही.

सायकल पुन्हा मोजली गेली ती 25 जून 2017 पासून. त्या दिवशी भोपाळमध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली. 500 सायकली, जागोजागी स्टँड, मोबाइलवर उघडणारं कुलूप. होशंगाबाद रोडच्या कडेने सुमारे 12 किलोमीटरचा वेगळा सायकल ट्रॅकही आखला गेला. मी साठीची होते. पहिल्याच आठवड्यात सायकल घेऊन निघाले आणि गिअर टाकून चढ चढताना बाबांची फार आठवण झाली. या योजनेने खूप तरुणांना सायकलवर बसवलं, याचा मला आनंद आहे. पण त्या 500 सायकलींपैकी प्रत्येक सायकल कुठे आहे हे यंत्राला कळत होतं, म्हणून तिच्यासाठी स्टँड झाला, ट्रॅक झाला. रोज पहाटे डबा बांधून मजुरीला निघणाऱ्या सायकलीला आकडा नव्हता.

दोन वर्षांनी त्याच ट्रॅकच्या एका तुटलेल्या टोकाशी मी पडले. ट्रॅकवर उभ्या केलेल्या गाडीचं दार अचानक उघडलं. मनगट मोडलं. मला उचललं ते एका रात्रपाळीच्या चौकीदाराने. करोंदकडून अरेरा कॉलनीपर्यंत तो रोज सायकलने येतो. तो ट्रॅकवरून का जात नाही, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "दीदी, माझ्या वाटेवर ट्रॅक नाही. जिथे आहे तिथे रात्री उजेड नाही." एवढ्या वर्षांचं नियोजन त्याने दोन वाक्यांत तपासलं.

2013 मध्ये मिसरोद ते बैरागढ असा 24 किलोमीटरचा बसचा स्वतंत्र मार्ग झाला होता. 2024 च्या जानेवारीत बैरागढकडून तो काढायला सुरुवात झाली. मधली जाळी निघाली, रस्ता रुंद झाला. त्या मोकळ्या झालेल्या रुंदीतली दोन हात जागा सायकलला द्या, असं मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगते आहे. नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश आहे, पण तिथेही मोटारींनी सायकल जवळजवळ हुसकली होती. 1971 या एका वर्षात तिथे सुमारे 3,300 माणसं रस्त्यांवर गेली, त्यांत 400 हून अधिक मुलं होती. आईबापांनी तो आकडा हातात धरून रस्ते अडवले, तेव्हा वाटा बदलल्या. आपल्या देशात 2022 मध्ये 1,68,491 माणसं रस्त्यांवर मेली. आकडा आपल्याकडेही आहे. तो हातात धरून रस्त्यावर उतरणारे आईबाप हवेत.

मला गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांकडे, करोंदच्या वस्तीकडे, मंडीदीपच्या वाटेवर सलग ट्रॅक हवा आहे. त्यावर रात्री दिवे हवेत. वस्तीतल्या रस्त्यांवर मोटारींचा वेग ताशी 30 च्या आत हवा. चढावर सायकल हातात धरून चालणाऱ्याला कडेला जागा हवी. यातलं काहीही महाग नाही.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही तिघी मैत्रिणी आठवड्यातून एकदा पहाटे सहाला बोर्ड ऑफिस चौकात उभ्या राहतो आणि सायकली मोजतो. शाल, थर्मास आणि दोनशे पानी वही. हँडलला डबा असेल तर एक खूण, शाळेचं दप्तर असेल तर दुसरी, बत्ती नसेल तर तिसरी. ओळखीचे झालेले काही जण आता लांबूनच घंटी वाजवतात, आपली खूण राहू नये म्हणून. वहीच्या पहिल्या पानावर सर्वांत वर मी बाबांच्या बिल्ल्यावरचा आकडा लिहिला आहे. त्याखाली एक रेघ मारली, आणि तिथून मोजायला सुरुवात केली.