पेवातली ज्वारी, रेशनचा गहू : यवतमाळच्या रोजच्या ताटाचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

एखादी गोष्ट उदंड झाली की मराठीत तिचे ‘पेव फुटले’ असे म्हणतात. हे पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून कडबा-भुशाचे अस्तर आणि वरून मातीने लिंपून बंद केलेले. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. कोंडलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागे, नाहीतर उतरणारा गुदमरून दगावे.

वऱ्हाडातल्या पेवांत मुख्यतः ज्वारी असे. आजचा यवतमाळ जिल्हा हा त्याच वऱ्हाडाचा आग्नेय भाग. १९०५ पर्यंत तो ‘वणी’ (इंग्रजी दप्तरात ‘वून’) जिल्हा म्हणून ओळखला जाई. ज्या मुलखात वर्षभराची ज्वारी जमिनीत पुरून ठेवीत, तिथे आज असंख्य घरांची चूल रेशनच्या गहू-तांदळावर चालते. खाणाऱ्यांची आवड बदलली म्हणून हे घडले, असे सर्रास सांगितले जाते. ते फारसे खरे नाही.

आधी जुने ताट पाहू. सकाळी भाकर आणि चून. पश्चिम महाराष्ट्र ज्याला पिठले किंवा झुणका म्हणतो, त्याला वऱ्हाडात चून म्हणतात. सोबत मिरचीचा ठेचा, कांदा, नाहीतर जवसाची चटणी. संध्याकाळी तुरीचे वरण आणि कण्या. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी शिजवून केलेला, भाताच्या जागी येणारा पदार्थ. ताकात कालवून तोच न्याहारीलाही चाले. भात ही भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्याची मिरास. गव्हाची पोळी सणाची किंवा पाहुण्याची. पोळ्याला पुरणपोळी, देवाच्या नवसाला गोवरीच्या आरावर भाजलेले रोडगे. एरवी ‘जेवण’ आणि ‘भाकर’ हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे.

हे ताट एका विशिष्ट शेतातून येत होते. कपाशीच्या ओळींत तुरीचे तास, ज्वारीत मूग-उडीद, मध्येच बरबटी आणि तीळ, धुऱ्यावर अंबाडी. (धुरा म्हणजे बांध, वऱ्हाडी शेतकरी ‘बांध’ क्वचितच म्हणतो.) अंबाडीच्या कोवळ्या पानांची आंबट भाजी होई, बोंडांची चटणी होई आणि वाळलेल्या झाडाच्या वाकापासून बैलांचे दोर वळले जात. रब्बीत जवस; त्याचे घाण्यावरचे तेल गरिबाच्या फोडणीचे तेल होते. आहारशास्त्र आज ज्याला समतोल ताट म्हणते ते इथे कुणी ठरवून रचलेले नव्हते. पाऊस एका पिकावर रुसला तरी दुसरे हाती लागावे, ही शेतकऱ्याची धास्ती त्यामागे होती.

या शेतावर पहिला मोठा दाब आला तो दूरच्या युद्धामुळे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे सोपवला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला भिडला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची वाट कापसासाठीच टाकली गेली. आज ती ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाते. तिच्याविषयी हळवे लेखन पुष्कळ झाले आहे. ती कोणाचा माल कुठे वाहून नेत होती, याची आठवण मात्र त्यात कमी असते.

रेल्वेने कापूस नेला, तशी ज्वारीही बाजाराला जोडली. पूर्वी दूरच्या पेठेत भाव चढला तरी धान्य बैलांच्या पाठीवरून जाई, लमाणांचे तांडे ते वाहत, आणि त्या वाहतुकीलाच मर्यादा असे. आता चढ्या भावाच्या दिशेने धान्य गावाबाहेर जाणे सोपे झाले. रोख सारा भरायचा तर रोख पीक हवे आणि रोख पिकासाठी सावकार हवा. पेव भरून ठेवणे ज्याला परवडे असा शेतकरी कमी होत गेला.

याची परीक्षा शतकाच्या शेवटी झाली. वऱ्हाड सुपीक, पाऊस बऱ्यापैकी खात्रीचा. इथे दुष्काळ पडत नाही अशी सरकारी समजूत होती. १८९६-९७ ने तिला तडा दिला आणि १८९९-१९०० ने ती मोडून काढली. शिरगणतीचे आकडे पाहिले तरी पुरे : १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार उरली. दहा वर्षांत ती वाढायची, ती दीड लाखाच्या आसपास घटली. रेल्वे होती, कापसाच्या पेठा होत्या, बाहेरून धान्य येतही होते. ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता, कारण पीक बुडाले की मजुरीही बुडते. पेवाला मजुरी लागत नाही, हा फरक इथे कळतो. अशा वर्षांत माणसे मोहाच्या फुलांवर आणि रानभाज्यांवर जगत. पावसाळ्यात आज आवडीने खाल्ली जाणारी तरोट्याची भाजी हीही पडीक जमिनीवर फुकट उगवणारी, म्हणून गरिबाची.

एवढे होऊनही भाकर ताटातून गेली नाही, हे लक्षात ठेवायला हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापूस आणि ज्वारी शेजारी शेजारी नांदत राहिली. याचे एक कारण बैल. गावरान ज्वारीचे ताट पुरुषभर उंच वाढे आणि त्याच्या कडब्यावर जनावरे वर्ष काढीत. दुसरे कारण सालदार. वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या या गड्याच्या मोबदल्याचा एक हिस्सा ज्वारीच्या रूपात असे, म्हणून मालकाला ज्वारी पेरणे भाग होते.

तिसरे कारण बाईचे श्रम, जे पुस्तकांत सहसा हरवते. ज्वारीचे पीठ साठवून चालत नाही. ते जुने झाले की त्याची विरी जाते, भाकर थापताना चिरते. म्हणजे पहाटे रोज नव्याने जात्यावर बसणे आले. गावोगावी पिठाची गिरणी आली तेव्हा पोटात काय जाते ते बदलले नाही, पण पहाटेचे दोन तास बदलले. त्या काळाविषयी गहिवरून लिहिणाऱ्यांनी एकदा जाते ओढून पाहावे.

खरे वळण १९६० च्या दशकात आले, आणि त्याच्या केंद्रस्थानी याच जिल्ह्याचा माणूस होता. पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. देश अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हावर तगून होता. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला आणि नाईक सरकारने संकरित ज्वारीचा हिरिरीने पुरस्कार केला. उत्पन्न वाढले यात वाद नाही.

पण ताटाच्या बाजूने पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. गावरान वाण पाऊस पूर्ण सरल्यावर पिकत. सीएसएच-१ सुमारे शंभर दिवसांत तयार होई, म्हणजे कणसे भरायची वेळ आणि परतीच्या पावसाची वेळ एकच. ओल्या कणसावर बुरशी चढे, दाणा काळा पडे. काळ्या ज्वारीला भाव नाही, भाकरीला गोडी नाही. त्यात ताट बुटके, म्हणून कडबाही कमी. त्यापाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. अमेरिकेहून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी रेशनवर मिळू लागली आणि तिच्या तांबड्या भाकरीची आठवण एका पिढीच्या मनात अपमानासारखी रुतून बसली. ज्वारी म्हणजे हलके, गरजवंताचे धान्य, ही भावना या दशकात घट्ट झाली असे म्हणायला जागा आहे.

पुढचा भाग झटपट सांगता येतो. ज्वारीचे खरिपातले रान सोयाबीनने घेतले, सोयाबीनचे तेल फोडणीत आले, जवस आक्रसला. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले आणि कडब्याची निकड संपली. २००२ नंतर बीटी कापूस सलग पेरला जाऊ लागला, तणनाशकाच्या फवाऱ्यात मधली बरबटी-अंबाडी टिकेना. एखाद्याने हौसेने एकरभर ज्वारी पेरलीच, तर शिवारात तेवढेच धान्य असल्याने पाखरे, रानडुकरे आणि रोही तिच्यावरच तुटून पडतात. सगळे गाव पेरत होते तेव्हा हे नुकसान सगळ्यांत वाटले जाई. ‘वाणी’ ज्वारीचा हुरडा आता थंडीतली पार्टी झाला आहे.

रेशनने उरलेले काम केले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी ५ किलो धान्य ठरले : तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो. कायद्यात भरड धान्याचे नाव होते, दुकानात प्रामुख्याने गहू-तांदूळ आले. या धान्याने उपास टाळले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण २ रुपयांचा गहू दारात असताना ज्वारी पेरायची कशासाठी, हा हिशेबही चुकीचा नव्हता. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेले हमीभाव पाहावेत : संकरित ज्वारी ३,१८० रुपये क्विंटल, गहू २,२७५ रुपये. गरिबाची म्हणून हिणवलेली भाकर आता ‘चूलीवरची’ अशी पाटी लावून ढाब्यावर मिळते आणि पाहुण्यांसाठी मुद्दाम थापली जाते.

२०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत एक विशेष निर्णय लागू केला. यवतमाळ त्यांत होता. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही माणशी दरमहा ५ किलो स्वस्त गहू-तांदूळ द्यावा, असा तो निर्णय. सातबारा नावावर असणे हीच धान्य मिळण्याची पात्रता ठरली. २०२३ पासून ते धान्यही थांबले आणि त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचे ठरले.