परळच्या एका खोलीतील मॅट्रिकचा अभ्यास

१/ दादर आणि परळ यांच्या मधल्या हिंदमाता चौकातून जाणाऱ्या हमरस्त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात. मुंबईकरांना हा चौक एरवी आठवतो तो पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यामुळे. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे, त्यांनी मॅट्रिकचा अभ्यास मात्र याच परिसरात, परळच्या एका चाळीत केला. त्या अभ्यासाची ही हकीकत.

२/ मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. महाविद्यालयात पाऊल ठेवायचे तर ही परीक्षा देणे भागच होते. शिवाय गणित असो वा इतिहास, उत्तर लिहायचे ते इंग्रजीतून. विषय येत असूनही वाक्य जुळवता आले नाही, तर विद्यार्थी अडकला. म्हणून मॅट्रिकची खरी तयारी म्हणजे इंग्रजी लिहिण्याचीच तयारी होती.

३/ मराठी मुलांच्या हाती त्यासाठी एक हुकमी साधन होते : तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी नियम, मग लहान वाक्ये, मग मोठी. मराठीचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. पद्धत रुक्ष खरी, पण शिक्षक मिळो न मिळो, घरी बसून गिरवता येण्याजोगी. कित्येक पिढ्यांचे इंग्रजी या पुस्तकांनी घडवले.

४/ भीमरावांना घरातच शिक्षक लाभला होता. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांचे पाठ त्यांनी मुलाकडून घोटून घेतले. १९०४ च्या सुमारास कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. तीच खोली स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा आणि तीच अभ्यासिका. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी.

५/ एवढ्या गर्दीत वाचायचे केव्हा? रामजींनी तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर निजायचे. रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, दोन वाजता त्याला उठवत आणि मगच अंग टाकत. चाळ झोपलेली असताना मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन चाले. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी धाकट्या विवाहित मुलीकडे उसने मागायला जात. तिच्याकडेही नसले, तर थोरलीचा एखादा दागिना गहाण पडे आणि पेन्शन हाती आल्यावर सुटे. मॅट्रिकच्या यशात या दोन बहिणींचा वाटा मोठा आहे. चरित्रांत त्यांना जागा मात्र थोडीच मिळते.

६/ शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, म्हणजे सरकारी. तरीही दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेण्याची वाट अस्पृश्य मुलाला बंद होती. भीमरावांना नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवले.

७/ घराबाहेरचा आधार गिरगावच्या बाजूने आला. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत बसत. तेथे रोज वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, पुस्तके देऊ लागले.

८/ १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे शेकडा अडतीसही नाहीत. आजच्या एखाद्या क्लासच्या फलकावर हा आकडा झळकला नसता. पण ज्या समाजात मॅट्रिक होणे हीच अपूर्व गोष्ट होती, तेथे या आकड्याचे वजन निराळे होते.

९/ चरित्रकार सांगतात की या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. स्वतः बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र हा प्रसंग इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हटला आहे. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांनी आधी सभेला नकार दिला होता, असेही ते तेथे नोंदवतात. तपशील जुळत नाहीत, पण दोन्ही हकीकतींत पुस्तक देणारे केळुसकरच आहेत.

१०/ पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी पैसा अपुरा पडला, तेव्हाही केळुसकरांनीच खटपट करून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

११/ कुटुंब नंतर पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहायला गेले. हिंदमातापासून तेथवर पायी जाता येते. ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे सुमारे बावीस वर्षे वास्तव्य होते.

१२/ १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. वर्ग सकाळचे ठेवण्यात आले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना तास आटोपून कामावर जाता यावे.