द्वेयरा
द्वेयरा : माल्टा देशातील गोझो बेटाच्या पश्चिम टोकाचा खडकाळ किनारा. सान लॉरेन्स गावापासून जवळ. भूमध्य समुद्रात कड्यालगत बुडी मारण्यासाठी प्रसिद्ध. येथील चुनखडकात पोकळ्या पडून वरचे छत ढासळले आणि मोठमोठी वर्तुळाकार विवरे तयार झाली; आजच्या किनाऱ्याचे वळण त्यांनीच ठरवले.

‘ब्लू होल’ हे सुमारे १५ मी. खोलीचे नैसर्गिक कुंड हा येथला मुख्य प्रवेशमार्ग. धारदार खडकांवरून सिलिंडर पाठीवर घेऊन तिथवर चालत जावे लागते. कुंडात सुमारे ८ मी. खाली गेले की दगडी कमान लागते. ती ओलांडताच खुला समुद्र आणि खोल उतरत गेलेला कडा समोर येतो. निळ्याकरड्या दिसणाऱ्या कपारींत टॉर्चचा झोत टाकावा, तर भगवी प्रवाळे झळकतात; पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो, म्हणून ती एरवी लक्षातच येत नाहीत. मोठे ग्रूपर मासे आणि बॅराकुडांचे थवेही आढळतात.

कड्यावरचे हे सौंदर्य सावधपणे पाहायचे असते. पायाखाली तळ दिसत नसल्याने आपण किती खाली आलो याचा अंदाज चुकतो. ३० मी. खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि टाकीतली हवाही तितक्याच वेगाने संपते. खोलीमापकाकडे सतत लक्ष हवे. नवशिक्यांनी १८ मी.च्या वरच राहावे. तिथेही पाहण्यासारखे भरपूर आहे.

कुंडाशेजारची ‘अ‍ॅझ्युअर विंडो’ ही भव्य कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. हळहळ स्वाभाविक होती. पण तिचे प्रचंड शिलाखंड पाण्याखाली पडले आणि त्यांच्यामधून पोहण्याची नवी वाट झाली. कोऱ्या दगडावर शेवाळ आणि जीवसृष्टी कशी वस्ती करते, हे तिथे प्रत्यक्ष पाहता येते. या किनाऱ्याचे खरे वैभव पाण्याखालीच आहे.

जवळच्या ‘इनलँड सी’ या खाजणातून सुमारे ८० मी. लांबीचा बोगदा समुद्रात उघडतो. त्यातून पर्यटकांच्या होड्या ये-जा करतात, त्यामुळे पाणबुड्यांनी खालूनच जावे.

पाण्याचे तापमान हिवाळ्याअखेर सुमारे १५° से., तर ऑगस्टमध्ये २६° से.च्या आसपास असते. वायव्येचा वारा सुटला की लाटा खडकावर आदळतात आणि कुंडातून बाहेर पडणे धोक्याचे ठरते. अशा दिवशी दक्षिणेकडील आडोशाच्या खाड्या गाठाव्यात.