कोलोसियमचे ऐंशी दरवाजे

शाळेत रोमचा इतिहास आपल्या वाट्याला थोडाच आला. नोकरीत सॉफ्टवेअर लिहिणारी मी, हल्ली तो आवडीने वाचते. ग्लॅडिएटरांविषयी वाचताना जे जाणवले, ते आपल्यासमोर ठेवते.

या झुंजींचा उगम करमणुकीत नव्हे, अंत्यविधीत आहे. इ.स.पू. 264 मध्ये ब्रूटस पेरा या उमरावाच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ रोममध्ये तीन जोड्या लढवल्या. अशा झुंजीला ‘म्यूनस’, म्हणजे कर्तव्य, म्हणत. पुढे मतांसाठी पुढारी आणि लोकप्रियतेसाठी सम्राट त्या भरवू लागले. डेशिया जिंकल्यावर ट्राजनने 123 दिवस खेळ केले आणि त्यांत 10,000 ग्लॅडिएटर लढले, असे इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो.

इ.स. 80 मध्ये टायटसने खुले केलेले कोलोसियम तर व्यवस्थेचा नमुनाच. सुमारे 50,000 प्रेक्षक, 80 कमानी दरवाजे, त्यांपैकी 76 वर क्रमांक कोरलेले. बसायची जागाही दर्जानुसार ठरलेली: पुढे सिनेटर, मागे सामान्य नागरिक, स्त्रिया पार वरच्या टोकाला. इंजिनिअर म्हणून मला या आखणीचे फार कौतुक वाटते.

पण दुसऱ्या शतकातील कायदेपंडित गायस याने चर्चिलेला एक करार वाचला आणि मी थबकले. ग्लॅडिएटर पुरवताना अट अशी: जो धडधाकट परतेल त्याचे 20 देनारियस, जो मरेल किंवा जायबंदी होईल त्याचे 1,000. मग हा व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? गायसचे उत्तर: परतला तर भाडे, मेला किंवा जायबंदी झाला तर विक्री. तर्क अगदी चोख. ‘असे झाले तर हे, नाहीतर ते’ अशा अटी मी रोज लिहिते. इथे मात्र अटीच्या दोन्ही बाजूंना एक जिवंत माणूस उभा आहे, आणि त्याचे म्हणणे कुणी विचारलेले नाही.

तत्त्वज्ञ सेनेकाने बोट ठेवले ते प्रेक्षकांवर. अशा गर्दीत बसून आपण अधिक निर्दय होऊन घरी परततो, असे त्याने मित्राला लिहिले.

व्यवस्था चोख कशी करावी, हे मला अभियांत्रिकीने शिकवले. ती कशासाठी आणि कुणाच्या जिवावर, हे विचारायला इतिहास शिकवतो.