शस्त्रहत चतुर्दशी व घराण्यांतील श्राद्धयादी

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, वाटणीपत्रें व जमाखर्च यांच्याबरोबर पूर्वजांच्या श्राद्धतिथींची एखादी याद बहुधा सांपडते. संग्राहक ती किरकोळ कागद म्हणून बाजूस ठेवितो, किंवा तींतील तिथि हीच मृत्युतिथि समजून वंशावळींत नोंदवितो. हे दोन्ही प्रकार सारखेच घातक होत. रणांत पडलेल्या पुरुषांच्या बाबतींत अशा यादी कशा वाचाव्या, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्रानें मेलेल्यांचें श्राद्ध करावें, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत काम्यश्राद्धांच्या तिथि सांगतांना चतुर्दशी तेवढी वगळून ती शस्त्रहतांकरितां राखिली आहे. कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूंत (1612) व काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूंत (1790) याचा ऊहापोह आहे. हें श्राद्ध एकोद्दिष्ट, म्हणजे त्या एका व्यक्तीस उद्देशून, होतें. पिता व पितामह दोघेही शस्त्रानें पडले असल्यास दोन वेगळीं एकोद्दिष्टें करावीं लागतात. उलटपक्षीं, जो घरीं आजारानें चतुर्दशीस वारला, त्याचा महालय त्या दिवशीं न करितां अमावास्येसारख्या अन्य तिथीस करितात. लोकांत या दिवसास घातचतुर्दशी असें नांव आहे.

यावरून पहिला निष्कर्ष असा कीं, महालयाच्या यादींत एखाद्या नांवापुढें 'वद्य 14' असें आढळल्यास तो मृत्यूचा दिवस नव्हे. ती मृत्यूच्या प्रकाराची खूण आहे. परंतु तेवढ्यावरून तो पुरुष लढाईंतच पडला असेंही म्हणतां येत नाहीं. कारण विष, अग्नि, जल, सर्प इत्यादिकांनीं मेलेल्यांसही निबंधकारांनीं हीच तिथि लाविली आहे. यास्तव वार्षिक श्राद्धाची तिथि ताडून पाहावी. उदाहरणार्थ, वार्षिक तिथि पौष शुद्ध 8 व महालय चतुर्दशीस, असा मेळ दिसला, तर शके 1682 च्या पानिपतची (14 जानेवारी 1761) शंका घेण्यास जागा आहे. तथापि यादींत शक नसल्यास दुसऱ्या कागदाचा आधार मिळेपर्यंत ती शंकाच समजावी. तसेंच ग्वाल्हेर वा इंदूरकडील कागदांत पौर्णिमान्त गणनेमुळें हीच चतुर्दशी आश्विनाची म्हणून लिहिलेली असूं शकते, हेंही ध्यानांत ठेवावें.

ज्यांचा दिवसच कोणास ठाऊक नाहीं, त्यांचा प्रश्न याहून बिकट. महिना माहीत व तिथि अज्ञात असल्यास त्या महिन्याची अमावास्या धरावी. दोन्ही अज्ञात असल्यास घरून निघाल्याचा दिवस, व तोही न कळल्यास मृत्यूची वार्ता ऐकिल्याचा दिवस घ्यावा, असे निर्णय आहेत. म्हणजे एखाद्या यादींतील तिथि वस्तुतः शिलेदार उंबऱ्याबाहेर पडला त्या दिवसाची असूं शकते! परदेशीं गेलेल्याची वार्ताच नसल्यास बारा वर्षें वाट पाहून प्रतिकृतीचें दहन करावें, असेंही वचन आहे. एवढी वर्षें घरची माणसें काय आशेवर राहत असतील, याची कल्पना भाऊसाहेबांच्या उदाहरणावरून येते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं वैधव्य मान्य केलें नाहीं; आणि तोतयाचें प्रकरण 1776 पर्यंत राज्यास भोंवलें.

लेखी यादीच्या जोडीस देव्हाऱ्यांतील वीरांचे टाकही पाहावे. नाशिक येथें धुळवडीच्या दिवशीं घरोघरचे लोक हे टाक मिरवीत गोदावरीवर नेऊन त्यांस स्नान घालितात. टाकावर बहुधा अक्षर नसतें. तो कोणाचा, हें घरांतील वडील माणूसच सांगतो. असा टाक सराफाकडे मोडीस गेला, किंवा संग्रहांत नांवावांचून दाखल झाला, कीं चांदी उरते आणि वीर नाहींसा होतो.

सबब संग्राहकांस विनंति कीं, श्राद्धयाद मिळाल्यास तिची पूर्ण नक्कल घ्यावी. वार्षिक व महालय या तिथि निरनिराळ्या लिहाव्या. आणि नांवाविषयीं घरांत चालत आलेली माहिती सांगणाराच्या उल्लेखासह, पण कागदापासून वेगळी, टिपून ठेवावी. बखरींनीं सरदारांचीं नांवें राखिलीं. त्यांच्यामागें पडलेल्या साध्या शिपायाचें नांव राखण्याचें काम वर्षांतून एकदां त्याच्या घरच्या पिंडानें केलें आहे. तो पुरावा आपल्या हातून गहाळ होऊं नये.