सिकेटरसाठी चामड्याचं कव्हर : व्हॅक्यूमच्या दाबाने घरीच आकार कसा द्यायचा? वाचा सविस्तर

सोलापूर : सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात डाळिंबाची आणि कासेगाव परिसरात द्राक्षाची छाटणी म्हटलं की दिवसभर हातात सिकेटर असते. झाडावर चढउतार करताना, पाइप ओढताना ही कात्री पँटच्या खिशात नाहीतर कमरेला खोचली जाते. लॉक निसटलं की पातं थेट मांडीत. कापडी पिशवी दोन दिवसांत फाटते, बाजारातलं रेक्झिनचं कव्हर सैल पडतं. कात्रीच्या मापाचं चामड्याचं कव्हर मात्र वर्षानुवर्षं टिकतं. परदेशात पिस्तुलाचं होल्स्टर बनवणारे कारागीर ओल्या चामड्याला व्हॅक्यूमच्या दाबाने आकार देतात. तीच पद्धत सिकेटर, चाकू, पाना अशा अवजारांनाही चालते.

व्हॅक्यूमने नेमकं काय होतं?

आपल्या अंगावर हवेचा दर चौरस सेंटीमीटरला जवळपास 1 किलो दाब कायम असतो. तो सगळीकडून सारखा असल्याने जाणवत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतली हवा ओढून घेतली, की बाहेरच्या हवेचा दाब पिशवीला आत ढकलतो. पिशवीत ओलं चामडं आणि त्याखाली अवजार असेल, तर चामडं अवजाराला चिकटून बसतं.

हिशेब सोपा आहे. कव्हर 20 सेंमी लांब आणि 10 सेंमी रुंद धरलं तर 200 चौरस सेंमी क्षेत्र होतं. निम्मी हवा काढली तरी त्यावर सुमारे 100 किलो, म्हणजे 50 किलोच्या दोन गोण्यांएवढा भार सारखा पसरतो. बोटांनी एवढा दाब एकाच वेळी सगळीकडे देता येत नाही.

चामडं कोणतं घ्यावं?

इथेच बहुतेकांचं चुकतं. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींत कमावलेलं चामडंच ओलं करून दाबल्यावर आकार धरतं. क्रोम पद्धतीचं मऊ चामडं वाळलं की पुन्हा सपाट होतं, मग कितीही दाब द्या.

ओळखायची खूण : चामड्याची कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी असेल आणि पाण्याचा थेंब टाकताच डाग गडद होत असेल, तर ते सालीत कमावलेलं. कडेच्या आत निळसर-करडा पट्टा दिसला तर क्रोमचं.

असं चामडं आपल्याकडे नवं नाही. कोल्हापुरी चप्पल याच चामड्याची होते. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर असे 4 जिल्हे व कर्नाटकातील 4 जिल्हे त्यात धरले गेले. त्यामुळे तुकडा हवा असेल तर आधी जवळच्या चप्पल बनवणाऱ्या कारागिराकडे विचारावं. जाडी 2.5 ते 3 मिमी पुरते.

हवा ओढायला काय वापरायचं?

- कपडे साठवायची झडपेची पिशवी आणि घरगुती व्हॅक्यूम क्लिनर : सगळ्यात सोपं. दाब कमी मिळतो, पण पातळ चामड्याला चालतो. पिशवी आवळली की मशीन लगेच बंद करावं. हवा खेळली नाही तर मोटार तापते.
- दूध काढायच्या मशीनचा पंप : गोठ्यात मशीन असेल तर वेगळा खर्च नाही. मीटरवर साधारण 350 ते 380 मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम असतो, म्हणजे जवळपास निम्मी हवा निघते.

पंप वापरताना दोन गोष्टी पक्क्या पाळाव्यात. एक, दुधाची बादली आणि दुधाची नळी या कामाला कधीही लावू नये. वेगळी नळी घ्यावी आणि मध्ये पाणी अडवायला जाड भिंतीचा वेगळा डबा ठेवावा, नाहीतर चामड्यातलं पाणी पंपात जातं. दुसरी, धार काढताना हे काम करू नये. व्हॅक्यूम कमी-जास्त झाला तर जनावराच्या सडाला त्रास होतो.

कृती

1. सिकेटर बंद करून लॉक करावी. दांड्यांमधली फट आणि स्प्रिंगची जागा पुठ्ठ्याने भरून घ्यावी. नाहीतर चामडं आत शिरतं आणि कात्री अडकून बसते.
2. कात्रीला पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळावं. ओल्या चामड्यातल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळे डाग पडतात आणि पात्याला गंज चढतो.
3. कोपरे गोल केलेल्या लाकडी फळीवर कात्री ठेवावी. धारदार कोपऱ्याने पिशवी फाटते.
4. चामड्याचा तुकडा कात्रीपेक्षा चारही बाजूंनी किमान 5 सेंमी मोठा कापावा. दाबल्यावर कडा आत ओढल्या जातात.
5. चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावं. बाहेर काढून वरचा रंग पुन्हा फिकट होऊ लागेपर्यंत थांबावं. गच्च ओलं चामडं आकार धरत नाही.
6. चामडं गुळगुळीत बाजू वर ठेवून कात्रीवर पसरावं. फळीखाली आणि चामड्यावर सुती कापड ठेवावं. कापडातून हवा निघायला वाट मिळते, नाहीतर पिशवी मध्येच चिकटते आणि एका कोपऱ्यात हवा अडकते.
7. पिशवीत घालून हवा ओढावी. पिशवी आवळत असताना हाताने सुरकुत्या बाजूला साराव्यात.
8. 15 ते 20 मिनिटांनी बाहेर काढावं. चमच्याच्या दांड्याने कात्रीच्या कडेकडेने दाबून रेघ ठळक करावी.
9. कात्री आत तशीच ठेवून सावलीत किमान 24 तास वाळवावं.

पिशवीत रात्रभर ठेवून उपयोग नाही. पिशवीत पाणी उडत नाही आणि आकार पक्का होतो तो वाळतानाच. उन्हात किंवा पत्र्यावर तर अजिबात ठेवू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर ओलं चामडं आकसून कडक होतं आणि तडकतं.

शिलाई आणि शेवटचा हात

वाळल्यावर आकाराभोवती दीड सेंमी कड सोडून कापावं. मागे सपाट चामडं लावून, बेल्टसाठी पट्टा आधी शिवून, मग दोन्ही भाग आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवावेत. पात्याच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची अरुंद पट्टी घालावी, म्हणजे धार दोऱ्याला लागत नाही. बाहेरून मेण चोळावं. तेल लावायचंच तर बोटभर एरंडेल पुरे. जास्त तेलाने चामडं मऊ पडतं आणि आकार जातो.

डाळिंब बागायतदारांनी हे लक्षात ठेवावं

तेल्या रोग जिवाणूमुळे होतो आणि छाटणीच्या कात्रीतूनही झाडाझाडाला पसरतो. म्हणून कात्री निर्जंतुक करत राहावं लागतं. चामडं ओलावा आणि घाण धरून ठेवतं. रोगट झाड छाटून तशीच कात्री कव्हरमध्ये घातली, तर निर्जंतुक केलेली कात्रीही पुन्हा तिथेच खराब होते. त्यामुळे कात्री द्रावणात बुडवून, पुसून, कोरडी झाल्यावरच कव्हरमध्ये घालावी. रोगट बाग आणि निरोगी बाग यांसाठी कात्री आणि कव्हर दोन्ही वेगळी ठेवलेली बरी. रात्री कात्री कव्हरमध्ये ठेवू नये, गंज चढतो.

मशीन नसेल तर?

एका कव्हरसाठी पंप विकत घेण्यात अर्थ नाही. कारागीर पूर्वीपासून बोटांनी आणि लाकडी दांड्याने दाबून, कडेला खिळे ठोकून ओल्या चामड्याला आकार देत आले आहेत. वेळ जास्त लागतो, पण एक-दोन नगांसाठी तेच स्वस्त पडतं. छाटणी टोळीसाठी दहा-वीस कव्हरं एका मापाची करायची असतील, तेव्हा व्हॅक्यूमचा फायदा दिसतो.