चिंधीचं मोल

आपल्या महिला मंडळाच्या दिवाळी विक्रीत सगळ्यांत आधी रिकामं होणारं टेबल म्हणजे चिंध्यांचं. खणाच्या तुकड्यांच्या पोटल्या, सुती कापडाचे टेबलमॅट, चष्म्याची घरं, बाळाची दुपटी. स्मरणिकेसाठी या टेबलावर लिहायचं ठरवलं आणि जाणवलं, की सोसायटीला पंचवीस वर्षं झाली असली, तरी या टेबलाचा इतिहास कितीतरी जुना आहे.

तो सुरू होतो गोधडीपासून. बंगालात तिची बहीण कांथा, बिहारात सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांकडे कवंदी. आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ. कृती साधीच. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी एकावर एक अंथरायची, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि धावदोऱ्याने सगळे थर बांधून टाकायचे. नवं कापड इथे कामाचं नाही, जुन्याचीच ऊब! पण गोधडी घरासाठी शिवायची, लेकीबाळींना द्यायची. ती विकायची वस्तूच नव्हती, त्यामुळे तिला लागलेले दिवस कुणी मोजले नाहीत.

बाईच्या सुईला रोजगाराचं मोल आहे, हा विचार पुण्यात रुजवणाऱ्या संस्थांमध्ये सेवासदनचं नाव मोठं. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये ते इथे सुरू केलं. लिहिण्यावाचण्याच्या जोडीला तिथे शिवणकामाचेही वर्ग होते. त्या काळी अकाली विधवा झालेल्या कितीतरी मुली दुसऱ्याच्या दारात आश्रित म्हणून राहत. अशा बाईच्या हाती चार पैसे स्वतःचे येणं ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे टेरिलीन आणि नायलॉनच्या साड्या आल्या. हे कापड सुईखाली सरकतं, घामही टिपत नाही. कपाटातल्या सुती साड्या बोहारणीच्या गाठोड्यात गेल्या आणि बदल्यात स्टीलची पातेली घरात आली. पातेली अजून आहेत, गोधड्या मात्र गेल्या. आज त्याच गोधडीचे लहान भाऊबंद भीमथडी जत्रेत कौतुकाने विकत घेतले जातात.

आपल्याकडे सुरुवात झाली ती ब्लाउज शिवून उरलेल्या कापडातून. बोहरी आळीतून दोरे, नाड्या, बटणं आणली. हौस दांडगी, पण गोधडीचा कोपरा काही केल्या नीट वळेना. तो वळवायला शिकवलं आपले जिने झाडणाऱ्या मावशींनी. माहेरी त्यांनी आईबरोबर वाकळा शिवलेल्या. त्यांचा टाका एकसारखा, जणू पट्टी लावून घातलेला.

पहिल्या विक्रीत पोटलीची किंमत ठरली ४० रुपये. एक काकू म्हणाल्या, "अहो, चिंध्यांचे कसले पैसे घ्यायचे?" तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या आजींनी वही काढली. कापड, अस्तर, दोरा आणि चौथा रकाना 'हात'. एका पोटलीला दोन तास. म्हणजे ४० रुपयांतून सामान वजा केलं, की तासाला १५ रुपयेसुद्धा उरत नव्हते! पुढच्या वर्षी किंमत १२० झाली. कुरकुर झाली, पण पोटल्या संपल्या.

खरा वाद झाला तो मावशींच्या वाट्यावरून. काहींचं म्हणणं, त्या सभासद नाहीत, साडी-मिठाई देऊ. मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते, की साडी ही भेट झाली, मजुरी नव्हे. आपण 'सहकारी' ही पाटी दारावर लावतो ना? मग सहकाराचा हिशेब साधा आहे: जितकं काम, तितका वाटा. दोन बैठका झाल्या, आवाज चढले, शेवटी ठराव झाला. तेव्हापासून मावशींचं नाव वहीत इतरांच्या ओळीत आहे आणि त्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात जातात. त्यांच्या मुलीची कॉलेजची फी एका वर्षी त्यातूनच भरली गेली.

म्हणून एक विनंती. जुनी सुती साडी टाकून देण्याआधी 'बी' विंगच्या तळमजल्यावर ठेवलेल्या पेटीत टाका. आणि टेबलाशी आलात, की घासाघीस करण्याआधी वही जरूर मागा. चौथा रकाना वाचा, मग बोलू.